छापणं वेगळं, विचारणं वेगळं

गुरू ग्रंथ साहिबची छापील प्रत अमृतसरची घ्या नाहीतर नांदेडची, तिची पानं १४३०च भरतात. शीख माणूस त्यांना पानं म्हणत नाही, ‘अंग’ म्हणतो. या १४३० अंगांच्या अगदी शेवटी ‘रागमाला’ नावाची एक छोटी रचना आहे. तिच्यात राग-रागिण्यांची नावं आहेत, बाकी फारसं काही नाही. पण या नावांच्या यादीवरून शीख पंथात शंभराहून जास्त वर्षं भांडण चालू आहे.

भांडण असं. रागमालेच्या आधी गुरू अर्जनदेवांची ‘मुंदावणी’ येते. ती म्हणजे ग्रंथावर मारलेली मोहोर, असं बरेच जण मानतात. मोहोर मारल्यावर आणखी मजकूर कसा येईल, हा एका बाजूचा सवाल. शिवाय रागमालेतले कितीतरी राग ग्रंथात नाहीत आणि ग्रंथातले काही राग रागमालेत नाहीत. वर हीच रचना आलम नावाच्या कवीच्या ‘माधवानल कामकंदला’ या प्रेमकथेतही सापडते. दुसरी बाजू म्हणते, जुन्या प्रतींमध्ये रागमाला आहे, करतारपूरच्या बीडमध्येही आहे, मग ती काढणारे तुम्ही कोण? (बीड म्हणजे ग्रंथाची बांधीव प्रत. आपल्या बीड जिल्ह्याशी तिचा संबंध नाही.)

१९४५ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं ‘सिख रहित मर्यादा’ मंजूर केली. शीख माणसानं कसं वागावं याची ही अधिकृत नियमावली. रागमालेचा प्रश्न तिथेही आला. तेव्हा पंथानं काय केलं? ग्रंथाच्या पाठाची समाप्ती मुंदावणीवर करा किंवा रागमाला वाचून करा, जशी तुमच्या गावची रीत असेल तशी. मात्र रागमाला वगळून ग्रंथ लिहायची किंवा छापायची हिंमत कुणी करू नये, कारण या मुद्द्यावर पंथात अजून मतभेद आहेत.

पुन्हा वाचा. मतभेद आहेत, हे खुद्द नियमावलीत लिहून ठेवलंय. मजकुराला हात लावायचा नाही, पण मजकुराबद्दलचं मत ज्याचं त्याच्यापाशी.

धर्मग्रंथाच्या वादावर इतका शहाणा तोडगा मी दुसरीकडे वाचलेला नाही. माझं सगळं म्हणणं यातच आहे. ग्रंथ बदलून छापणं ही एक गोष्ट आणि ग्रंथ कसा घडला हे विचारणं ही दुसरी. शीख पंथाला १९४५ मध्ये हा फरक नेमका कळला होता. पुढे त्याच्या संस्था तो विसरल्या, आणि त्याची किंमत अभ्यासकांनी मोजली.

‘तू शीख नाहीस, तुला काय त्याचं?’

हा प्रश्न मला नांदेडमध्ये अनेकदा विचारला गेलाय. प्रेमानं आणि रागानंही. मी शीख नाही. मी त्या गावात वाढले, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि, शीख परंपरेनुसार, त्याआधी देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथालाच गुरूपद दिलं. आणि मी ज्या भाषेत लिहितेय त्या भाषेच्या नामदेवांची ६१ पदं त्या ग्रंथात आहेत. एवढं नातं मला बोलायला पुरेसं वाटतं. कुणाला पुरेसं वाटत नसेल तर त्यानं माझा मुद्दा खोडावा, माझी जात-धर्म विचारू नये.

पण एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. शीख माणूस या प्रश्नांनी दुखावतो, ते उगाच नाही.

आपण पोथीची पूजा करतो, पण पोथी आपल्यासाठी देव नसते. शिखांसाठी ग्रंथ साहिब हा जिवंत गुरू आहे. पहाटे त्याचा ‘प्रकाश’ होतो, रात्री ‘सुखासन’. त्याच्यावर चवरी ढाळली जाते. त्याची जीर्ण झालेली प्रत रद्दीत जात नाही, तिच्यावर अग्निसंस्कार होतो. अशा ग्रंथाबद्दल संशोधक जेव्हा ‘कच्चा मसुदा’, ‘प्रक्षेप’, ‘पाठभेद’ असे शब्द वापरतो, तेव्हा ते शब्द कागदावर पडत नाहीत, अंगावर पडतात.

त्यात गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास. जून १९८४ मध्ये लष्कराच्या कारवाईत सुवर्णमंदिर परिसरातली सिख रेफरन्स लायब्ररी उद्ध्वस्त झाली. तिथली हस्तलिखितं जळाली की लष्करानं उचलून नेली, यावर आजही वाद आहे. २०१५ मध्ये फरीदकोट जिल्ह्यातल्या एका गुरुद्वारातून ग्रंथाची बीड चोरीला गेली आणि ऑक्टोबरमध्ये बरगाडी गावात तिची फाटलेली अंगं रस्त्यावर सापडली. निषेधाला बसलेल्या लोकांवर बहबल कलांमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, दोघे मेले. एवढं सोसलेल्या समाजाला ‘जरा वस्तुनिष्ठ व्हा’ असं विद्यापीठातल्या खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. मी ते सांगणार नाही.

मी एवढंच विचारतेय, की ग्रंथाची पानं फाडणारा आणि ग्रंथाच्या जुन्या प्रती ताडून बघणारा, या दोघांना एकाच नजरेनं कसं बघता येईल?

नामदेवांना बाहेर काढणारा सुधारक

शुद्धतेचा आग्रह धरणारेही काही कमी नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पतियाळा संस्थानातल्या भसौड गावी बाबू तेजासिंग नावाचे गृहस्थ ‘पंच खालसा दिवाण’ चालवत. माणूस कडक. शीख धर्मातलं हिंदू असं जे जे वाटेल ते सगळं धुऊन काढायचं, हा त्यांचा ध्यास. त्यात ते ग्रंथापर्यंत पोचले. ग्रंथात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद, नामदेव, त्रिलोचन अशा भगतांची वाणी आहे. हे भगत गुरू नव्हते, मग गुरू ग्रंथात यांचं काय काम? म्हणून त्यांनी भगतवाणी आणि रागमाला वगळून ग्रंथ छापला.

म्हणजे त्या प्रतीत नामदेव नव्हते. ज्यांच्या नावावर आपण २०१५ च्या एप्रिलमध्ये थेट पंजाबातल्या घुमानला जाऊन ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं, ते नामदेव.

१९२८ मध्ये अकाल तख्तानं तेजासिंगांना पंथातून काढलं. यात तख्ताचा मुद्दा बरोबर होता, असं मी म्हणते. कारण त्यांनी प्रश्न विचारला नव्हता, उत्तर छापून टाकलं होतं. सगळ्यांच्या मालकीचा ग्रंथ एका माणसानं स्वतःच्या मतानुसार कापला आणि त्यावर तेच नाव ठेवलं. ‘हा आमचा ग्रंथ नाही’ असं सांगण्याचा हक्क पंथाला नसेल तर कुणाला असेल?

तेव्हा माझं भांडण अधिकाराशी नाही. ग्रंथाचं रक्षण करायला अधिकार लागतो. तो चुकीच्या माणसावर चालवला जातो, याच्याशी माझं भांडण आहे.

हस्तलिखित वाचल्याची शिक्षा

१९९२ मध्ये अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं प्यारसिंग या ज्येष्ठ अभ्यासकाचा ‘गाथा श्री आदि ग्रंथ’ हा पंजाबी ग्रंथ छापला. त्यांनी जुन्या बीडा आणि पोथ्या बघून ग्रंथाचं संकलन कसं झालं असेल याचा शोध घेतला होता. करतारपूरची बीड हीच गुरू अर्जनदेवांनी भाई गुरदासांकडून १६०४ मध्ये लिहवून घेतलेली मूळ प्रत, हे परंपरा मानते. प्यारसिंगांना त्याबद्दल शंका होती. गदारोळ झाला, पुस्तकाची विक्री थांबली, लेखकाला अकाल तख्तासमोर बोलावून तनखाह, म्हणजे धार्मिक शिक्षा, देण्यात आली.

पुढचा नंबर पशौरासिंग यांचा. त्यांनी टोरांटो विद्यापीठात १९९१ मध्ये आदि ग्रंथाच्या संहितेवर पीएचडी केली होती. गुरू नानक देव विद्यापीठातलं १२४५ क्रमांकाचं हस्तलिखित म्हणजे गुरू अर्जनदेवांच्या संपादनाचा आधीचा टप्पा, असं त्यांचं मत. विरोधकांचं म्हणणं, ही प्रत नंतरची आहे, ती विक्रेत्याकडून आलेली, तिच्यावर एवढी मोठी इमारत कशी बांधता? १९९४ मध्ये तेही तख्तासमोर उभे राहिले आणि त्यांनी शिक्षा स्वीकारली.

विरोधकांचा आक्षेप लक्षात घ्या. प्रत कोणत्या काळातली, ती आली कुठून, तिच्यात कोणत्या नोंदी आहेत? उत्तम आक्षेप आहेत! संशोधनाचे आहेत. त्यांवर पुस्तकं लिहिली गेली आणि त्यातली काही वाचण्यासारखी आहेत. पशौरासिंग चुकले असतील तर ते याच मार्गानं सिद्ध होणार होतं. मग तनखाह कशासाठी? भांडी घासून हस्तलिखिताचं वय ठरतं का?

शिक्षेनं झालं काय, तर दोन नुकसानं. पंजाबातल्या तरुण संशोधकाला कळलं की ग्रंथाच्या संहितेपासून लांब राहिलेलं बरं. आणि ज्या पाश्चात्त्य विद्यापीठांवर पंथाचा राग आहे, त्यांच्याच हातात हा विषय जास्त घट्ट गेला. पशौरासिंगांचं पुस्तक २००० मध्ये ऑक्सफर्डनं काढलंच.

दशम ग्रंथ: इथे प्रश्न नांदेडचा आहे

नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये गुरू ग्रंथ साहिबसोबत दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. पटना साहिबलाही होतो. अमृतसरला होत नाही. एकाच पंथाच्या तख्तांमध्ये हा फरक आहे.

दशम ग्रंथ गुरू गोविंदसिंगांच्या नावावर आहे. त्यातलं किती त्यांचं आणि किती दरबारातल्या कवींचं, हा जुना वाद. खास करून ‘चरित्रोपाख्यान’ हा मोठा भाग, ज्यात स्त्रियांच्या कारस्थानांच्या, शृंगाराच्या शेकडो गोष्टी आहेत. अनेक शिखांना तो गुरूंचा वाटत नाही. मला विचाराल तर त्यांची अस्वस्थता मी समजू शकते. पण अस्वस्थता हा पुरावा नाही. रोज संध्याकाळी रहिरासमध्ये म्हटली जाणारी ‘चौपाई’ याच चरित्रोपाख्यानाच्या शेवटी येते. अमृत तयार करताना जी वाणी म्हणतात, तिच्यातलं ‘जाप’ आणि सवैये दशम ग्रंथातलेच. सगळा फेकून देऊ म्हणणाऱ्यानं याचं उत्तर द्यायला हवं. आणि सगळा जसाच्या तसा गुरूंचा म्हणणाऱ्यानं हे सांगायला हवं, की १८९० च्या दशकात अमृतसरला शोधक कमिटी बसवून बत्तीस प्रती ताडून एक प्रमाण पाठ का ठरवावा लागला? प्रती एकसारख्या असत्या तर कमिटी लागली नसती.

हे प्रश्न विचारणाऱ्यांचं काय झालं? ग्यानी भागसिंग अंबाला यांना १९७७ मध्ये पंथाबाहेर काढलं. प्रोफेसर दर्शनसिंग तर स्वतः अकाल तख्ताचे माजी जथेदार, त्यांना २०१० मध्ये काढलं. त्याच तख्तानं २००८ मध्ये सांगितलं होतं की दशम ग्रंथ हा पंथाच्या साहित्याचा आणि इतिहासाचा भाग आहे, पण गुरूपद फक्त गुरू ग्रंथ साहिबला आहे. हा निर्णय रागमालेसारखाच समंजस आहे. मग त्याच्या चौकटीत बसून ‘यातलं कुणी लिहिलं’ विचारणाऱ्याला जागा का नको?

शिक्षा देणारे कोण?

अकाल तख्ताबद्दल मला आदर आहे. मोगल सत्तेसमोर ‘आमचा सर्वोच्च अधिकार इथे बसतो’ असं सांगणारी ती जागा. पण जागा आणि जागेवरचा माणूस यात फरक असतो.

जथेदाराला नेमते शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी. कमिटीवर गेली कित्येक वर्षं अकाली दलाचं वर्चस्व. कमिटीची निवडणूक २०११ मध्ये झाली आणि पुढची वर्षानुवर्षं रखडली. ग्रंथ छापण्याचा हक्क पंजाब सरकारनं २००८ मध्ये कायदा करून याच कमिटीला दिला.

सप्टेंबर २०१५ मध्ये तख्तानं सिरसाच्या डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाला माफी दिली. गुरू गोविंदसिंगांसारखा वेश केल्याचा त्याच्यावर आरोप होता. तो तख्तासमोर हजरही झाला नव्हता, पत्रावर काम झालं. लोक इतके भडकले की ऑक्टोबरमध्ये माफी मागे घ्यावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये या माफीसकट अनेक गोष्टींसाठी अकाली दलाच्या नेत्यांना त्याच तख्तानं तनखाह दिली. मार्च २०२५ मध्ये कमिटीनं तख्ताच्या जथेदारालाच पदावरून दूर केलं.

आता हे शेजारी शेजारी ठेवा. हस्तलिखितं वाचणारा म्हातारा प्राध्यापक हात जोडून उभा राहतो आणि एका राजकीय वजनाच्या बाबाला घरबसल्या माफी मिळते. ज्यांना सत्तेच्या दबावाखाली असा निर्णय घ्यावा लागतो, त्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या शाईवर निकाल द्यावा, हे मला पटत नाही.

ग्रंथ स्वतः काय करतो

या सगळ्यात ग्रंथाकडे बघायचं राहून जातं. शेख फरीदांच्या श्लोकांमध्ये एक श्लोक आहे, ज्यात देह तंदुरासारखा तापवून घ्यायची भाषा आहे. त्याच्या लगेच पुढे गुरू नानकांचा श्लोक येतो: देहाला असं तापवू नकोस, त्यानं तुझं काय बिघडवलंय, प्रियकर आतच आहे. गुरूंना फरीदांचं म्हणणं पूर्ण पटलं नाही. मग संपादकानं फरीदांचा श्लोक काढला का? नाही. आक्षेप मूळ ओळींच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींना गुरूपद मिळालं.

सूरदासांच्या एका पदाची पहिली ओळ तेवढी छापील ग्रंथात आहे, पुढे गुरू अर्जनदेवांचं पद येतं. कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद आहे: कापडावर छपाई कसली करत बसलास, असं त्रिलोचन विचारतात आणि नामदेव उत्तर देतात. हा ग्रंथ पानोपानी प्रश्नोत्तरं करतो. काय ठेवायचं, काय नाही, कुणाशेजारी कुणाला बसवायचं, हे गुरू अर्जनदेवांनी डोळसपणे ठरवलं. त्यांच्या संपादनाचा अभ्यास करणं हा अपमान कसा?

आपण हसू नये

हे वाचून एखाद्या मराठी वाचकाला वाटेल, बरं झालं, आपल्याकडे असं नाही. थांबा.

गुरू अर्जनदेवांच्या वीस वर्षं आधी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला सज्जड दम दिला. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून वेगळी ज्ञानेश्वरी छापली. पंडितांमध्ये वाद झाले, आळंदी ओस पडली नाही. ज्ञानेश्वरीला ग्रंथ साहिबसारखं गुरूपद नाही, त्यामुळे तुलना ताणू नये. पण एवढं दिसतं, की पाठ शोधल्यानं भक्ती मरत नाही.

तरी ५ जानेवारी २००४ आठवा. एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचा राग पुण्याच्या भांडारकर संस्थेवर निघाला. कपाटं फोडली, हस्तलिखितं आणि पुस्तकांची नासधूस केली. ती हस्तलिखितं कुणाची होती? आपलीच.

आणि नामदेवांचं काय? ‘आमचे नामदेव गुरू ग्रंथ साहिबमध्ये’ हा फॉरवर्ड आपण अभिमानानं पाठवतो. त्या ६१ पदांतली किती आपल्या मराठी गाथ्यातल्या अभंगांशी जुळतात, विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचं किती नामदेवांच्या नावावर आलंय, पंजाबातले नामदेव आणि पंढरपूरचे नामदेव एकच का, हे प्रश्न आपल्या अभ्यासकांनी विचारलेत. आपण वाचले नाहीत. अभिमान फुकट असतो, वाचायला वेळ लागतो.

मग करायचं काय?

चंदीगडची पंजाब डिजिटल लायब्ररी २००३ पासून जुन्या पोथ्या आणि कागदपत्रांची छायाचित्रं घेऊन जपतेय. तेच काम पंथाच्या संस्थांनी आपल्या ताब्यातल्या प्रत्येक जुन्या बीडसाठी करावं. करतारपूरच्या बीडचं दर्शन भाविकांना होतं, तसा तिचा अभ्यासही होऊ द्यावा. नांदेडमध्ये दशम ग्रंथाच्या जुन्या प्रती असतील त्यांचीही सूची व्हावी. कुणी चुकीचं लिहिलं तर त्याच्या विरोधात चांगलं लिहावं, आणि छापावं त्याच विद्यापीठानं.

मजकुरात कानामात्राही बदलायची नाही, ही अट मला शंभर टक्के मान्य आहे. रोजचा प्रकाश, सुखासन, अरदास, यातलं काहीही कुठल्या संशोधकाच्या निकालावर अवलंबून नाही आणि नसावं. पण १९८४ मध्ये पोथ्यांनी भरलेली लायब्ररी जाऊ शकते, हे पाहिलेल्या पंथानं हस्तलिखितं वाचणाऱ्या माणसाला हाकलू नये. उद्या एखादी बीड नाहीशी झाली, तर ती कशी होती हे सांगायला तोच माणूस लागणार आहे.